मोटारसायकलला जादा दिवे: रिले, फ्यूज आणि भिंतीवरची रेघ

कापसाची वेचणी सुरू झाली की माझ्या दुकानात फॉग लाईट लावून घ्यायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, वीस वर्षं झाली. येणारा गडी स्टँड लावतो आणि पहिलं वाक्य ठरलेलंच बोलतो, "भाऊ, समोर काहीच दिखस नही." खोटं नाही त्याचं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर दिवस मावळला की पुढं कापसाची ट्रॉली चाललेली असते, तिला मागं ना दिवा ना रेडियम. समोरून केळीचा ट्रक अप्परवर येतो. तो गेल्यावर दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढं नुसता काळोख, आणि ट्रॉली नेमकी त्याच काळोखात असते. शेतीच्या लाईटची रात्रीची पाळी आली की मोटार चालू करायला मध्यरात्री गाडरस्त्यानं शिवारात जावं लागतं ते वेगळंच. तिथं रानडुकरं रस्त्यात उभी असतात.

म्हणून दिवे लावायला माझा विरोध नाही. पण दिवा लावणं म्हणजे दोन क्लॅम्प आवळून वायर बॅटरीला जोडणं, एवढंच ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरी स्वतः करायचं असेल तरी यावरून करता येईल. मेकॅनिककडून करून घ्यायचं असेल तर त्यानं काय केलं आणि काय सोडलं हे तरी कळेल.

सगळ्यात आधी आहे तो हेडलाईट बघा. काच धुळीनं आंधळी झाली आहे का? आतला रिफ्लेक्टर काळा पडलाय का? फोकस खाली ढळलाय का? साध्या गाड्यांना ३५/३५ वॅटचा बल्ब असतो, तो जुना होऊन पिवळा पडतो. येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचं काम नवा बल्ब, स्वच्छ काच आणि हेडलाईटचा एक स्क्रू फिरवण्यात भागतं. मी त्यांना तसंच सांगून परत पाठवतो.

तरी दिवे हवेतच असतील, तर दुसरा प्रश्न विजेचा. मोटारसायकलची बॅटरी १२ व्होल्टची, आणि लहान गाड्यांना ती ४-५ अँपिअर-तासांचीच असते. हिशेब सोपा आहे, वॅटला व्होल्टनं भागा. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, ४० भागिले १२ म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. इंजिन बंद ठेवून दिवे लावले तर लहान बॅटरी तासाभरात झोपणार. इंजिन चालू असताना हा भार मॅग्नेटोनं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागानं पेलायला हवा. पेलतो की नाही ते बॅटरीला लावलेलं मल्टीमीटर सांगतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू करून थोडा रेस दिला की आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये यायला हवा. आता हेडलाईट, जादा दिवे, इंडिकेटर सगळं एकदम लावा आणि इंजिन स्लोवर सोडा. आकडा १३ च्या वर राहिला तर निश्चिंत. १२.६ च्या खाली उतरला तर गाडी बॅटरी भरत नाही, खातेय. तिला तेवढे दिवे झेपत नाहीत. कमी वॅटचे घ्या किंवा एकच लावा.

जुन्या गाड्यांची एक गोष्ट इथंच सांगतो. पूर्वीच्या बऱ्याच लहान गाड्यांचा हेडलाईट बॅटरीवर नव्हे, थेट मॅग्नेटोच्या एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर चालायचा. रेस कमी केला की उजेड मंदावतो, दिला की वाढतो, ती खूण. अशा गाडीच्या हेडलाईटच्या वायरवर एलईडी जोडू नका. तो फडफडतो आणि लवकर जातो. जादा दिव्यांचा करंट बॅटरीतूनच घ्यायचा. नवीन गाड्यांना, म्हणजे एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालू राहण्याची सक्ती आली त्यानंतरच्या, दिवसाही हेडलाईटचा भार असतोच. तोही हिशेबात धरा.

खरेदीला गेलात तर डब्यावरचा वॅटचा आकडा वाचून भुलू नका. मी दिवा विकत घेतला की आधी बॅटरीला लावून मीटरवर करंट मोजतो. डब्यावर १२० वॅट छापलेला एक दिवा दीड अँपिअरसुद्धा ओढत नव्हता, म्हणजे धड १८ वॅटही नाही. ग्राहकाला मी असा दिवा हातात देऊन मीटर दाखवतो. वॅटपेक्षा काचेच्या आतली भिंगं बघा. उजेड आडवा, सपाट पसरायला हवा आणि वरची कड कापल्यासारखी हवी. एका बिंदूवर भाल्यासारखा जाणारा फोकस रस्त्यासाठी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ नं तसे स्पॉटलाईट आणि सर्चलाईट पुढं बसवायला मनाईच केली आहे. अपवाद फक्त नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीचा. सहा-आठ एलईडींचा आडवा बार हँडलच्या वर बसवून द्या म्हणून पोरं हट्ट धरतात, तो मी बसवून देत नाही. आयपी ६७ लिहिलं असेल तर धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी चालतं, असा त्याचा अर्थ. वॉशिंगच्या पंपाचा जोराचा फवारा मात्र त्यात येत नाही. गाडी धुताना दिव्यावर नोझल धरू देऊ नका.

पिवळा की पांढरा, हे रोज विचारतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापीकाठी धुकं उतरतं, तेव्हा पिवळा धुकं फोडतो असं सगळे म्हणतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांच्यापुढं रंगाचा फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दिवा किती खाली आहे आणि उजेड किती सपाट जातो याचा. उजेड वर गेला की धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. पिवळा डोळ्याला कमी बोचतो, एवढं माझ्या अनुभवाचं. म्हणून मी पिवळा देतो, पण जादू म्हणून नाही.

आता बसवणी. जागा लेगगार्डची, हेडलाईटच्या खाली. जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या आसपास मला बरं वाटतं. पुढच्या चाकाच्या फोर्कला खाली बांधू नका. खड्ड्यागणिक फोर्क हलतो आणि वायर तिथंच तुटते. इंजिनच्या फिन्ससमोर किंवा रेडिएटरसमोर दिवा आला तर वारा अडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४५ अंशात इंजिनला तो वारा हवा असतो. दोन्ही दिवे सारख्या उंचीवर आणि हँडलच्या रुंदीच्या आत. क्लॅम्प पाईपच्या मापाचा घ्या आणि मध्ये रबराचा तुकडा घाला, जुन्या ट्यूबचा चालतो. नट नायलॉक घ्या, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला. साधा नट आपल्या रस्त्यांवर आठवड्यात सैल होतो, दिवा मान टाकतो किंवा वर आभाळाकडे बघायला लागतो.

वायरिंगला मात्र सावकाश बसा. बारा वर्षांपूर्वी मी माझ्याच गाडीला घाईनं दिवे लावले होते. दुपारी गिऱ्हाईक होतं, संध्याकाळी जळगावला जायचं होतं. बॅटरीपासून सरळ स्विचला आणि स्विचपासून दिव्याला वायर ओढली. फ्यूज टाकला नाही, रिले टाकला नाही, वायर हँडलच्या टीजवळून, म्हणजे हँडल फ्रेमला जोडून वळतं तिथून, तशीच नेली. परत येताना विदगावच्या पुलाच्या अलीकडे रबर जळाल्याचा वास आला आणि टाकीखालून धूर निघाला. मागं धाकटा भाऊ होता. त्यानं उडी मारून साइड कव्हर उघडलं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर हातानं ओढून तोडली. त्याचा तळहात भाजला. टाकीत पाच लिटर पेट्रोल होतं. सकाळी उघडून बघितलं तर टीजवळ, हँडल डावीकडे वळवलं की फ्रेमच्या कडेला वायर घासत होती. तिथलं प्लॅस्टिक बोटभर सोललं होतं, तांबं फ्रेमला चिकटून काळंनिळं झालेलं. एक फ्यूज असता तर तो उडाला असता आणि मी नुसता अंधारात उभा राहिलो असतो. त्या दिवसापासून फ्यूजशिवाय माझ्या दुकानातून एकही गाडी बाहेर गेलेली नाही.

तर काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, पॉझिटिव्ह नंतर. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह काढताना पाना फ्रेमला लागला तरी मग ठिणगी पडत नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर निघाली की वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. दिव्याजवळ टाकलेला फ्यूज उपयोगाचा नाही, कारण जळायची ती मधली वायर. ४० वॅटला ५ अँपिअरचा, ६० वॅटपर्यंत साडेसातचा. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकू नका, का उडतो ते शोधा. दिव्यांची मुख्य वायर तांब्याची, बहुतारी, १ चौरस मिलिमीटरची घ्या.

फ्यूजनंतर रिले. स्विचला सगळा करंट सोसायला लावायचा नाही, म्हणून रिले. हँडलवरचा छोटा स्विच फक्त रिलेला इशारा देतो, जड काम रिले करतो. १२ व्होल्टचा, चार पायांचा साधा रिले घ्या. पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची पॉझिटिव्ह. ८७ वरून दिव्यांना. ८५ ला अर्थ, म्हणजे निगेटिव्ह. ८६ ला स्विचकडून आलेली वायर. रिले पाच पायांचा निघाला तर मधला ८७ए वापरायचा नाही, पण उघडाही ठेवायचा नाही. रिले बंद असताना तो ३० ला जोडलेला असतो, म्हणजे त्यावर बॅटरीचा करंट कायम उभा असतो. त्यावर स्लीव्ह, म्हणजे आच दिली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी, चढवा.

स्विचला करंट कुठून द्यायचा? चावी ऑन केल्यावरच ज्या वायरवर १२ व्होल्ट येतात तिथून. मी मागच्या ब्रेकच्या स्विचला येणारी पॉझिटिव्ह घेतो, ती बहुतेक गाड्यांत चावीवर असते. मग चावी काढली की दिवे बंद, पोरानं स्विच दाबून ठेवला तरी बॅटरी वाचते. ब्रेक दाबल्यावर ज्या वायरवर करंट येतो ती मात्र नको, नाहीतर ब्रेक मारल्यावरच दिवे लागतील. हिरो-होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थची, बजाजच्या गाड्यांत काळी-पिवळी, हे पाठ असलं तरी रंगावर विसंबू नका. माझ्या आधी त्या गाडीला कुणी हात लावला असेल आणि काय जोडलं असेल, सांगता येत नाही. टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावून खात्री करा. इंजेक्शनच्या नवीन गाडीत ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या कुठल्याच वायरला हात लावू नका, आणि मूळ वायरिंग कापू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर कापलेल्या वायरिंगवरून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

एकाच डब्यात जवळचा पिवळा आणि लांबचा पांढरा असे दोन्ही उजेड असणारे दिवे आता पुष्कळ येतात. त्यातला पांढरा मी वेगळ्या रिलेवर घेतो आणि त्या रिलेचा ८६ अप्परच्या वायरला जोडतो. समोर गाडी आली, अंगठ्यानं डिपर मारला की हेडलाईटसोबत हाही विझतो. दुसरं बटण शोधायला लागत नाही. हेडलाईट एसीवर चालणारी जुनी गाडी असेल तर हे जमणार नाही, रिले टरटर वाजत राहतो.

दिव्याची निगेटिव्ह लेगगार्डला जोडू नका. त्यावर रंग असतो, खाली गंज असतो, पहिल्या पावसानंतर दिवा लुकलुकायला लागतो. निगेटिव्हसुद्धा वायरनंच बॅटरीपर्यंत आणा.

जोड कसा करायचा ते नीट सांगतो, कारण दहातली आठ वायरिंगं जोडातच बिघडलेली येतात. वायरचं प्लॅस्टिक लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीच्या लांबीएवढंच सोला, एकही तार तुटू देऊ नका. सोलण्याआधी स्लीव्हचा तुकडा वायरवर सरकवून ठेवा, नंतर तो घालता येत नाही. तारा पिळून लगमध्ये घाला, पक्कडीनं तांब्यावर एकदा आणि मागं प्लॅस्टिकवर एकदा दाबा. मग धरून ओढा. चांगल्यापैकी जोर लावून ओढा. निघाली तर आत्ताच निघू दे. नंतर स्लीव्ह पुढं आणून लायटरची आच लांबून फिरवा, ती आवळून बसते. काळी टेप मी जोडावर वापरत नाही. आपल्या उन्हात तिचा डिंक पातळ होतो, मग टेप सुटून लोंबते आणि उरलेला चिकटपणा धूळ धरतो.

वायर न्यायची ती टाकीखालून, मूळ वायरिंगच्या बाजूनं, सायलेन्सरच्या बेंडपासून आणि इंजिनच्या हेडपासून लांब. वरून फ्लेक्सिबल पाईप घाला. केळीच्या बागेत गाडी उभी राहत असेल तर उंदरांचाही विचार त्यात आला. केबल टाय वीतभर अंतरावर मारा. टीजवळ मात्र वायरला सैल वळसा ठेवा. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, दहा वेळा, आणि वळवताना त्या वळशावर बोट ठेवा. ओढली गेली किंवा चिमटली गेली तर बोटाला कळतं. क्लच आणि ॲक्सिलेटरच्या केबलमध्येही अडकायला नको.

दिवे लागले. आता लोक पैसे देऊन निघायला बघतात, आणि मी चावी काढून खिशात ठेवतो. फोकस सेट केल्याशिवाय गाडी द्यायची नाही.

त्यासाठी सपाट जमीन, भिंत आणि अंधार लागतो. हवा दोन्ही चाकांत बरोबर भरा. गाडी सरळ उभी करा, साइड स्टँडवर नको, आणि रोज जसा बसता तसं बसा. मागं रोज बायको बसत असेल तर तिला बसवा. मागं युरियाची ४५ किलोची गोणी जात असेल तर गोणी बांधा. मागचं शॉकअप दबलं की पुढचा दिवा वर उचलतो, आणि रिकाम्या गाडीवर सेट केलेला फोकस समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिव्यापासून भिंत बरोबर १० मीटर ठेवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, समजा ६० सेंटिमीटर आली. भिंतीवर खडूनं ६० वर एक आडवी रेघ मारा आणि ४० वर दुसरी. उजेडाची वरची कड खालच्या रेघेला टेकली पाहिजे, तिच्या वर नाही. १० मीटरला २० सेंटिमीटर उतार म्हणजे तो उजेड रस्त्यावर ३० मीटरपर्यंत पोचतो. डावा दिवा किंचित डावीकडे वळवा, रस्त्याची कड आणि साइडपट्टी दिसते, जनावर तिथूनच येतं. उजवा सरळ किंवा किंचित डावीकडे, उजवीकडे कधीच नाही.

मग स्वतः समोर जाऊन उभे राहा. नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटर पुढं, उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडानं दिपता कामा नये. साडेपाच फुटी माणसाचे डोळे उभ्यानं जवळपास तेवढ्याच उंचीवर येतात. आठ मोठी पावलं टाका, उजवीकडे सरका, दिव्याकडे बघा. डोळे मिटावेसे वाटले तर समोरून येणाऱ्यालाही तेच वाटणार. तो तुमच्याच गावचा, वस्तीवरून घरी निघालेला कुणाचा तरी बाप असतो. माझे वडील एकदा अशाच वर रोखलेल्या दिव्यामुळं सायकलसकट चारीत गेले, खांदा निखळला. गाडीवाल्याला ते दिसलेही नव्हते. त्यामुळं या आठ पावलांवर मी तडजोड करत नाही.

एक हिशेब आणखी डोक्यात ठेवा. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर गेले. पुढं थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २० मीटर. एकूण ४५, आणि तुमचा फॉग ३० मीटरवर संपतो. ताशी ४० ला हाच हिशेब साधारण २६ मीटरवर येतो. म्हणजे डिपर आणि फॉगवर चालताना ४० च्या आसपासच राहायला हवं. जादा दिवे खड्डा, कड आणि जनावर दाखवतात, वेग वाढवायला ते पुरत नाहीत. ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी परत जाताना लाल रेडियमची पट्टीही घेऊन जा. ट्रॉलीच्या मागं दोन कडांना चिकटवली की कुणाचाही साधा हेडलाईट तिला लांबून पकडतो.

शंभर किलोमीटर झाले की क्लॅम्पचे नट पुन्हा आवळा आणि फोकस परत तपासा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावा. पावसाळ्याआधी फ्यूज काढून त्याच्या पात्यांवर हिरवट थर आलाय का बघा.

माझ्या दुकानामागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रेघा मारून ठेवल्या आहेत, आणि जमिनीवर १० मीटरची खूण. दिवे कुठूनही लावलेले असले तरी चालेल, फोकस बघायचे पैसे घेत नाही. सातनंतर, अंधार झाल्यावर या. मागं रोज जे बसतं त्याला सोबत आणा.